घरच्या घरी तारेचा अँटेना

हौशी रेडिओचालकांचा, म्हणजेच हॅम मंडळींचा ४० मीटर बँड भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. त्यासाठी डायपोल हा अँटेना साध्या तांब्याच्या तारेतून घरीच बनवता येतो.

लांबी काढायला १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा. ७.१ साठी सुमारे २०.१ मीटर तार लागते. ती मधोमध कापून मध्ये इन्सुलेटर बसवा. एका भागाला कोअ‍ॅक्सियल केबलची आतली तार जोडा, दुसऱ्या भागाला जाळी. गच्चीवर मध्य उंच काठीला आणि दोन्ही टोकं खाली उतरती बांधा. जागा कमी लागते आणि ५० ओहमच्या केबलशी जुळणीही सोपी होते. सांध्यापाशी केबलची काही वेटोळी करून बांधा, म्हणजे जाळीच्या बाहेरून वाहणारा नको असलेला प्रवाह रोखला जातो.

आता जुळणी. सुरुवातीला दोन्ही बाजूंना तार थोडी जास्त ठेवा. केबल आणि अँटेनाची जुळणी दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवरचा सर्वांत कमी आकडा हव्या त्या वारंवारतेच्या खाली मिळाला, तर तार लांब आहे. दोन्ही टोकं सारखीच, थोडी थोडी कापत जा. आकडा दीडच्या आत आला की पुरे.

विजेच्या तारांपासून अँटेना दूर ठेवा, गडगडाट होण्याआधी केबल काढून ठेवा. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा परवाना हवाच. नुसतं ऐकत मात्र आजच शिकायला लागा!