साखरेचा आजार आणि रक्ताची गुठळी

मंडळी, आपला अहिल्यानगर जिल्हा उसाचा. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं, तेव्हापासून साखर आपल्या ओळखीची. आज बोलायचं आहे ते रक्तातल्या साखरेबद्दल, म्हणजे मधुमेहाबद्दल.

आम्ही गावोगाव जातो. परवा पारावर एका आजोबांनी विचारलं, "बाप लकव्यानं गेला, त्याला साखर होती. मलाही आहे. रक्तातच आहे म्हटल्यावर पथ्य कशाला करायचं?"

प्रश्न खोटा नाही. पण आधी रक्त गोठतं कसं ते पाहू. विळा लागला की रक्त येतं आणि थोड्या वेळानं थांबतं. रक्तातले बारीक कण जखमेला चिकटतात. त्यांच्याभोवती धाग्यांची जाळी विणली जाते. जखम भरली की शरीर ती जाळी विरघळवून टाकतं. मधुमेहात हे गणित बिघडतं. कण जास्त चिकट होतात. साखर धाग्यांना लागते, जाळी दाट होते. पोट सुटलेलं असेल तर जाळी विरघळू न देणारा पदार्थही वाढतो. अशी गुठळी हृदयाच्या नळीत अडकली तर झटका, मेंदूच्या नळीत अडकली तर लकवा.

आता वारसा. जुळ्या भावंडांचं रक्त तपासून असं दिसलं, की गोठवणाऱ्या द्रव्यांचं प्रमाण बरंचसं आईबापांकडून येतं. आपला रक्तगटच घ्या. ओ गटाच्या माणसात असं एक द्रव्य सुमारे पाव हिश्शानं कमी असतं. म्हणून त्यानं निर्धास्त राहावं असं मात्र नाही.

लोक म्हणतात, बियाणं बापाचं, खतपाणी आपलं. पण खतपाणी जन्माआधीच सुरू होतं! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांची पाहणी केली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त. पुढच्या मधुमेहाची तयारी तिथंच होते. तेव्हा सून गरोदर असताना तिच्या ताटात डाळ, पालेभाजी, दूध पडतं का, हे सासूनं बघायचं. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवून कसं चालेल?

आजोबांना आम्ही सांगितलं, बाप बदलता येत नाही, विडी सोडता येते. विडीनं कण आणखी चिकटतात. रोज चाललं, पोट उतरलं, औषध वेळेवर घेतलं, तर गुठळीचा धोका कमी होतो. आणि गूळ चालतो हे खरं नव्हे. गुळानंही साखर वाढते.

तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तर दृष्ट काढत बसू नका. गाडी काढा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

आजोबांनी विडी काही विझवली नाही. पण म्हणाले, "नातवाचं रक्त तपासायला आणतो. उपाशीपोटी आणू का?"


आम्ही म्हटलं, "आणा. आणि तुम्हीही उपाशीच या."