दरारा 'मे'चा

मंडळी, "कळंब्याला चाललोय" म्हटलं की कोल्हापुरात लोक आधी विचारतात, "काय केलंस?" (हशा) हसा, पण आजचा विषय तिथल्या कारागृहाच्या आतल्या मंडळींना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

शॅल, विल, मस्ट, मे यांचे नियम तर्खडकरांच्या पाठमालेपासून तुम्हाला पाठ आहेत, ते सोडतो. 'मस्ट' दणकट आणि 'मे' मवाळ, असं शाळेत शिकलो. कायद्याच्या इंग्रजीत मात्र खरा दरारा 'मे'चा.

चोरीचं कलम बघा. न्याय संहिता, ३०३. शिक्षा 'शॅल', होणारच. कैद तीन वर्षांपर्यंत 'मे एक्स्टेंड'. गुन्हा शाबीत झाला, 'शॅल'चं काम संपलं. दोन महिने, तीन वर्षं की नुसता दंड, ते 'मे'च्या हातात.

आता मुंबई उच्च न्यायालयाचं आपलं कोल्हापूरचं सर्किट बेंच. (टाळ्या) थांबा, टाळ्या 'मे'ला द्या! राज्य पुनर्रचना कायदा, १९५६, कलम ५१. मुख्य पीठ राष्ट्रपती नेमतील तिथं 'शॅल बी'. पोटकलम ३ मध्ये न्यायमूर्ती इतरत्रही 'मे सिट'; कुठं, तर मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीनं 'मे अपॉइंट' करतील तिथं. एका वाक्यात दोन 'मे'! याच्याच जोरावर १९८१ ला औरंगाबादला न्यायमूर्ती बसले, १९८२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. कोल्हापूरला कायदा तोच, शब्द तेच. तरी मोर्चे झाले, उपोषणं झाली, काम बंद झालं. सावंतवाडीचा पक्षकार रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायचा आणि पुढची तारीख घेऊन परतायचा. १८ ऑगस्ट २०२५ ला सहा जिल्ह्यांसाठी सीपीआर रुग्णालयासमोर काम सुरू झालं. एवढा उशीर का? कारण 'मे' अधिकार देतो, हुकूम सोडत नाही. ज्याच्या हाती तो, त्याच्या दारात उभं राहावं लागतं. आणि कायम खंडपीठ हवं असेल तर पोटकलम २. तिथं राष्ट्रपती... बरोबर, 'मे'! (हशा)

मागून कुणी म्हणतंय, 'शॅल' असतं तर तेव्हाच मिळालं असतं. भरवसा नको! १९५७ चा मनबोधनलाल श्रीवास्तव खटला. कर्मचाऱ्यावर कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला 'शॅल', असं राज्यघटना म्हणते. न्यायालय म्हणालं, सल्ला राहिला म्हणून कारवाई रद्द होत नाही.

पुढच्या रांगेतले वकीलसाहेब मान हलवताहेत. कबूल, अधिकाराला कर्तव्य जोडलेलं असलं की न्यायालय 'मे'चाही 'शॅल' करतं. पण मग दरारा वाढला की घटला, तुम्हीच सांगा!

चिठ्ठी आली. "आवरावे." विनंती आहे की हुकूम, अध्यक्ष? (हशा) 'कॅन' आणि 'कुड' राहूनच गेले, असू द्या. घरी जाऊन विम्याची पॉलिसी, कर्जाचा करार काढा. 'मे' दिसेल तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि त्याचा कर्ता कोण ते बघा. तुम्ही असाल तर निवांत झोपा. कंपनी किंवा बँक असेल, तर पुढची सही करण्याआधी या वकीलसाहेबांना गाठा. फी ते घेतीलच. तिथं 'शॅल'!