जुन्या ट्रकाचे तेल



आज आम्ही तेलाविषयी बोलणार आहोत. खायच्या तेलाविषयी नव्हे, ट्रकच्या इंजिनात घालतात त्या तेलाविषयी. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात ट्रक नसेल. पण तुमचा कांदा, तुमची द्राक्षं कुणाच्या तरी ट्रकातूनच बाजाराला जातात. ट्रक घाटात बसला तर मालकाबरोबर तुमचंही नुकसान. तेव्हा सगळ्यांनीच ऐका.

आम्ही निफाड तालुक्यातले चौघे. चौघांनी पैसे घालून एक जुना टाटा ४०७ घेतला. ही जातीची गाडी १९८६ साली पहिल्यांदा निघाली. आमच्या गाडीला आधी तीन मालकांचे हात लागलेले. विकणारा म्हणाला, "इंजिन लाखात एक आहे." इंजिन ओढायचंही बरं. पण तेल भरायच्या तोंडाचं झाकण उघडलं, तर आतून काळं, घट्ट काजळ बसलेलं. आम्ही ते बोटानं पुसलं आणि झाकण लावून टाकलं. तिथंच चुकलं.

गाडीची हौस मोठी. चांगल्यातलं तेल घालायचं ठरलं. दुकानात जाऊन सगळ्यात महाग डबा मागितला. आमच्यातल्या दोघांना तेव्हा वाचता येत नव्हतं. ज्या दोघांना येत होतं, त्यांनी वाचलं नाही. जुनं तेल काढलं, नवं ओतलं. फिल्टर मात्र जुनाच ठेवला. तेवढेच पैसे वाचले!

पंधरा दिवसांनी वाशीला कांदा उतरवला आणि परतीला सिमेंट भरलं. कसारा घाट चढताना समोर तेलाचा लाल दिवा लागला. गाडी चालवणारा आमच्यातलाच. तो म्हणाला, "वायरीचा घोटाळा असेल. वर गेल्यावर बघू." वर काही जाता आलं नाही. इंजिनात ठकठक सुरू झाली आणि गाडी जागीच बसली. मिस्त्रीनं खालचं चेंबर उघडलं. तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. त्या जाळीवर काळा चिखल थापलेला. चेंबरात तेल होतं, पण ते वर चढत नव्हतं. बेअरिंगं जळून गेली होती. इंजिन बांधायला एकाला दुभती म्हैस विकावी लागली. त्याच्या घरात दोन महिने कुणी आमच्याशी नीट बोललं नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाग तेल घालूनही असं कसं झालं?

तर बघा. इंजिनातलं तेल नुसतं वंगण नसतं. ते धुण्याचंही काम करतं. त्यात मळ सोडवणारं औषध मिसळलेलं असतं. आमच्या गाडीत पूर्वी हलकं तेल घातलेलं, आणि तेही वेळेवर बदललेलं नाही. त्याचा गाळ वर्षानुवर्षं बसला. नवं तेल गेलं तसा तो सुटू लागला. विहिरीचा गाळ ढवळल्यावर मोटारीच्या पायाशी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तसंच हे. प्रत्येक जुन्या गाडीत असं होतं असं नव्हे. पण झाकणाखाली काजळ दिसलं की सावध व्हावं.

मिस्त्रीनं आम्हाला सांगितलं ते असं. अशा गाडीचं चेंबर आधी उतरवून जाळी धुवून घ्यावी. तेलाबरोबर फिल्टर नवा घालावा. पहिलं तेल फार दिवस ठेवू नये. आम्ही बांधलेल्या इंजिनातलं पहिलं तेल १,००० किलोमीटरवर काढलं, दुसरं ३,००० वर. मग पुस्तकातल्या हिशेबानं.

आता डबा वाचू. डब्यावर १५, मग डब्ल्यू हे इंग्रजी अक्षर, मग ४० असं लिहिलेलं असतं. अंक इंग्रजी असतात, म्हणून ते ओळखायला शिका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. काकवी थंडीत घट्ट होते, तापवली की पाण्यासारखी धावते. तेलाचंही तसंच. थंडीचा आकडा जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर वर चढतं. आमच्याकडे पौषात पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा पहाटे हे कळतं. मागचा आकडा तापलेल्या इंजिनातला. तो मोठा, म्हणजे तापल्यावरही तेलाला दाटपणा राहतो. अशा जुन्या डिझेल गाड्यांना बहुधा १५-४० किंवा २०-४० सांगितलेलं असतं. आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते पाहावं. शून्य-वीस असं पातळ तेल नव्या मोटारींचं. ते कितीही महाग असो, आपल्याला नको.

आणखी दोन अक्षरं पाहा. सी या अक्षरानं सुरू होणारी खूण डिझेल इंजिनाची, जसं सी एफ ४, सी आय ४. एस या अक्षरानं सुरू होणारी पेट्रोलची. सी एफ ४ सांगितलं असेल तिथं सी आय ४ चालतं, ते त्याच्या पुढचं आहे.

निळा धूर निघाला की काही जण म्हणतात, घट्ट तेल घाला, धूर बंद. धूर थोडा कमी होतो, हे खरं. पण निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. आतल्या रिंगा झिजल्या असतील, तर त्या तेलानं भरून येत नाहीत. मिस्त्रीला विचारून एक पायरी घट्ट तेल घालून काही महिने काढता येतात. आम्हीही काढले असते, खोटं कशाला बोला. पण त्या काळात इंजिन बांधायचे पैसे बाजूला पडले पाहिजेत.

तेल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेल गाडीचं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी ते आपल्यात धरून ठेवतं, तेच त्याचं काम. दुधासारखं पांढरट झालं तर मात्र पाणी शिरलंय. गाडी तिथंच उभी करा. पट्टीवर तेल आपोआप वाढलं आणि डिझेलचा वास आला, तरी तसंच.

डबा घेताना सील बघा. रिकामा झाला की त्याला भोक पाडा, नाहीतर त्यातच कुणी भेसळीचं भरून विकेल. काढलेलं तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते अंगाला लागू देऊ नका, हात साबणानं धुवा. डब्यात साठवा आणि परवाना असलेल्या माणसालाच द्या.

आमच्या गाडीच्या दाराच्या आत आता एक कागद चिकटवलेला आहे. तेल कधी बदललं, किती किलोमीटरला, कोणतं, हे त्यावर लिहितो. ज्यानं म्हैस विकली, तो तेव्हा न वाचणाऱ्यांतला. रात्रीच्या वर्गात तो लिहायला शिकला. कागदावरच्या शेवटच्या तीन ओळी त्याच्या हातच्या आहेत. आता दुकानातही डबा आधी तोच हातात घेतो आणि दुकानदाराला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचतो.