जाड कातडे आणि जड बाण



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. हत्ती किंवा रानरेडा यांसारख्या दांडग्या, जाड कातड्याच्या जनावरावर बाण चालतो काय, आणि चालत असेल तर तो बाण व ते धनुष्य कसे निवडावे लागते, याविषयी मी बोलणार आहे. पहिल्यानेच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानटी जनावरांच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा मी सांगतो ती हकिकत मुख्यतः आफ्रिकेतली आहे. तिथल्या काही देशांत परवाना काढून अशी शिकार आजही करता येते. मग ती आपण का ऐकायची? तर हत्यार आणि काम यांचा मेळ कसा बसवतात, आणि तो न बसल्यास त्याचा भोग कोणाच्या वाट्याला येतो, हे या एका उदाहरणातून फार चांगले कळते. शाळेत गतीचे नियम शिकवणाऱ्या गुरुजनांनाही यातून एखादा चांगला धडा मिळेल.

आधी बाण मारतो कसा ते पाहू. बंदुकीची गोळी अतिशय वेगाने येते आणि आजूबाजूचे मांसही फाडून टाकते. बाणाचे तसे नाही. बाण कापतो. तो छातीत शिरून फुप्फुस किंवा हृदय कापतो, रक्त वाहून जाते आणि जनावर कोसळते. बाण नेमका लागला, तर हे काही सेकंदांत होते. पण तो कातड्यात किंवा खांद्याच्या हाडात अडकून राहिला, तर जनावर मरत नाही आणि धड जगतही नाही. जखम घेऊन ते झाडीत शिरते. आफ्रिकेतला जखमी रानरेडा मागावर येणाऱ्या माणसाची वाट पाहत झुडपात दबा धरून राहतो, अशी त्याची ख्याती आहे. म्हणजे चुकीच्या बाणाची किंमत आधी जनावर देते आणि मागाहून माणूसही देतो.

आता हे जनावर कसे आहे? आफ्रिकेचा रानरेडा आपल्या गोठ्यातल्या म्हशीचा लांबचा भाऊबंद. पुरा वाढलेला नर पाचशे किलोपासून आठशे-साडेआठशे किलोपर्यंत भरतो. मानेवरचे आणि खांद्यावरचे कातडे जाड असते, त्यावर चिखलाचा वाळलेला थर असतो, आणि कातड्याखाली रुंद, दाट फासळ्यांचा पिंजरा असतो. हत्तीची तर गोष्टच वेगळी. त्याचे कातडे काही ठिकाणी इंचभर जाड असते. हरणाला पुरेसा पडणारा बाण इथे लावणे म्हणजे सुताराच्या पटाशीने खडक फोडायला बसण्यासारखे आहे.

तरीसुद्धा माणसाने हे काम पूर्वीपासून केलेले आहे. आपल्या जुन्या ग्रंथांत ‘नाराच’ नावाच्या अखंड लोखंडी बाणाचा उल्लेख येतो, आणि लढाईतल्या हत्तींवर तो सोडल्याची वर्णने आहेत. अरियन या ग्रीक इतिहासकाराने भारतीय धनुर्धरांविषयी लिहून ठेवले आहे. त्यांचे धनुष्य माणसाएवढे उंच असे, त्याचे एक टोक जमिनीवर टेकवून ते डाव्या पायाने दाबत आणि लांबलचक बाण सोडीत, असे तो सांगतो. म्हणजे चिवट लक्ष्याला भारी बाण लागतो, हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते.

पूर्व आफ्रिकेत केनियाच्या त्साव्हो भागात वाटा नावाचे लोक राहतात. त्यांना वालियांगुलू असेही म्हणत. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या हत्तीची शिकार करीत. त्यांच्या धनुष्याचा ताण शंभर पौंडांच्या वर असे. हा ताण म्हणजे काय, तर दोरी पूर्ण मागे ओढून धरायला लागणारे बळ. शंभर पौंड म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलो. निम्म्या क्विंटलाच्या आसपासचे पोते एका हाताने ओढून धरायचे आणि वर नेमही साधायचा, असे समजा ना! शिवाय ते बाणाला विष लावीत. हे विष एका रानझाडाचा लाकूडपाला उकळून डांबरासारखे घट्ट करतात. ते झाड आपल्या कण्हेरीच्याच कुळातले, आणि कण्हेरीसारखेच त्याचे विष हृदयावर चालते. पुढे हस्तिदंताच्या चोरट्या व्यापाराचे प्रकरण वाढले, १९५६-५७ मध्ये त्साव्होत मोठी धरपकड झाली, आणि १९७७ मध्ये केनियाने सगळ्याच शिकारीवर बंदी घातली.

अमेरिकेत हॉवर्ड हिल नावाचा नामांकित तिरंदाज होऊन गेला. १९३८ च्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटातले बाणांचे अचाट नेम त्याने साधलेले आहेत. १९५० च्या सुमारास त्याने आफ्रिकेत विष न लावता बाणाने हत्ती मारला. त्याचेही धनुष्य शंभर पौंडांच्या वरचे होते आणि बाण लांब व अतिशय जड होते. विष नसले की सगळी भिस्त बाणाचे वजन, पात्याची धार आणि नेम यांवर येते. आता या एकेका गोष्टीकडे वळू.

पहिली गोष्ट वजन. आजकाल पुष्कळांना वेगाची भुरळ पडते. हलका बाण घेतला की तो सणसणत जातो आणि पाहणारा खूश होतो. पण थोडा हिशेब करू. गुरुजी, हा फळ्यावर लिहून दाखवण्याजोगा आहे. एकाच धनुष्यातून दोन बाण सोडले. एक २६ ग्रॅमचा, तो सेकंदाला ८५ मीटर जातो. दुसरा ४२ ग्रॅमचा, तो ६८ मीटर जातो. दोघांची गतिज ऊर्जा काढली तर पहिल्याची सुमारे ९४ ज्यूल आणि दुसऱ्याची सुमारे ९७ ज्यूल येते. म्हणजे जवळजवळ सारखीच. पण वजन गुणिले वेग, ज्याला आपण संवेग म्हणतो, तो काढा. ग्रॅम आणि मीटर घेतले तर पहिल्याचा २२१० आणि दुसऱ्याचा २८५६. जड बाणाचा संवेग सव्वापटीहून जास्त भरला. कातडे आणि मांस यांतून वाट काढताना वेगवान वस्तूला विरोधही अधिक होतो, म्हणून हलका बाण आपला वेग लवकर घालवून बसतो. जड बाण मात्र रेटत पुढे जातो. रिकामी बैलगाडी आणि भरलेली बैलगाडी उतारावरून सुटली, तर कोणती आवरणे कठीण, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

डॉ. एड अ‍ॅशबी या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या रानम्हशींवर अशा बाणांच्या पुष्कळ परीक्षा केल्या. नुकत्याच मेलेल्या जनावरांवर बाण सोडून ते किती खोल जातात आणि हाडापाशी त्यांचे काय होते, याची त्यांनी नोंद ठेवली. जाड हाड फोडून पुढे जायचे असेल तर बाण निदान ६५० ग्रेनचा असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पंधरा-साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो, म्हणजे हे वजन सुमारे ४२ ग्रॅम झाले. वरच्या हिशेबात मी तोच बाण घेतला होता. रानरेड्यासाठी आणि हत्तीसाठी अनुभवी लोक याहूनही जड बाण पसंत करतात.

दुसरी गोष्ट पाते. इथे पाचरीचा नियम लागू होतो. लाकूड फोडताना आखूड, बोजड पाचर लवकर अडते आणि लांब, निमुळती पाचर सहज आत जाते. तसेच बाणाचे पाते रुंदीच्या मानाने लांब असावे. दोन धारांचे, अखंड पोलादाचे, रुंदीच्या तिप्पट लांबीचे पाते जाड जनावरासाठी चांगले समजतात. तीन-चार धारांचे पाते जखम मोठी करते, पण त्याला आत शिरायला जोर जास्त लागतो. बिजागरीवर उघडणारी पातीही बाजारात मिळतात. ती हरणाला ठीक, पण रेड्याच्या फासळीवर बिजागरी दगा देते आणि उघडण्यातच बाणाचा जोर खर्च होतो. टोकही फार नाजूक नको, नाहीतर हाडावर ते वाकते आणि वाकलेले टोक बाणाला तिथेच थांबवते. आणि धार? धार दाढीच्या वस्तऱ्यासारखी हवी. बोथट विळ्याने गवत कापले जात नाही, नुसते दबते. शिरांचेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट बाणाची काडी आणि तिचा तोल. काडी मजबूत हवी आणि पात्याच्या मानाने किंचित बारीक हवी, म्हणजे पात्याने केलेल्या वाटेत ती घासत नाही. पाते आणि काडी यांचा सांधा पक्का हवा. सांधा निखळला की बाकीचे सगळे व्यर्थ. बाणाचे वजन पुढच्या अंगाला अधिक असले तर तो सरळ जातो. बाण डुलत गेला आणि तिरपा आदळला, तर त्याचा जोर काडी वाकवण्यातच जातो. खिळ्यावर हातोडी तिरकी बसली की खिळा वाकतो, त्यातलाच हा प्रकार.

चौथी गोष्ट धनुष्य. १९६९ मध्ये हॉलेस विल्बर अ‍ॅलन या अमेरिकन गृहस्थाला चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्याच्या दोन टोकांना मध्य सोडून बसवलेली चाके असतात. त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो आणि नेम धरून थांबता येते. मोठ्या जनावरासाठी सत्तर पौंड किंवा त्याहून जास्त ताणाचे असे धनुष्य घेतात. पण जास्तीत जास्त ताणाचे ते उत्तम, असे समजू नये. जे धनुष्य माणूस थंडीत, बसल्या जागेवरून, अंगाला हिसका न देता ओढू शकतो, तेच त्याचे. ओढताना हात थरथरला तर शंभर पौंड काय कामाचे? जड बाणाचा इथे आणखी एक गुण दिसतो. तो धनुष्याचे बळ अधिक पुरतेपणी घेतो, म्हणून धनुष्याचा आवाज आणि हादरा कमी होतो.

पाचवी गोष्ट बाजारात मिळत नाही. ती म्हणजे अंतर आणि संयम. जाणकार मंडळी वीस-पंचवीस मीटरच्या पुढे बाण सोडत नाहीत. वीस मीटर जायला आपल्या जड बाणाला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात, आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी जनावराच्या कानी पोचतो. तेवढ्यात त्याने एक पाऊल टाकले, तरी फुप्फुसावरचा नेम पोटात जातो. जनावर समोरासमोर उभे असेल, मध्ये फांदी असेल, कळपात दुसरे जनावर मागे असेल, तर दोरी सैल करून परत फिरायचे. दिवसभर चालून, परवान्याचे भरमसाट पैसे भरून परत फिरणे जिवावर येते. पण सोडलेला बाण मागे बोलावता येत नाही. काही देशांनी कोणत्या जनावराला किती जोराचे धनुष्य आणि किती वजनाचा बाण हवा, हे कायद्यानेच ठरवून टाकले आहे, ते याच कारणाने.

आता आपल्याकडे येऊ. दाजीपूर-राधानगरीच्या रानात, सिंधुदुर्गात आणि गोव्यात गवा आहे. गोव्याचा तर तो राज्यप्राणी. पुरा वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो, म्हणजे आफ्रिकेच्या रानरेड्याहून मोठा. उभ्या पिकात गव्यांचा कळप शिरला की शेतकऱ्याच्या पोटात कालवते, हे मी जाणतो. अशा वेळी एखाद्या तरुणाच्या मनात घरातले तीरकमान काढण्याचा विचार येतो. त्याला माझे सांगणे आहे की, बाबा रे, गव्याला मारणे तर गुन्हा आहेच, पण त्याला जखमी करणे किंवा तसा प्रयत्न करणे हासुद्धा कायद्याने शिकारच ठरतो. आणि आपल्या घरची कमान व हलका बाण गव्याच्या खांद्यावर काय करतील, ते आता तुझ्या लक्षात आले असेल. जखमी गवा उद्या पाणंदीवर भेटेल, तो तुलाच असे नाही, शाळेला निघालेल्या पोरांनाही भेटेल. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तो वेळेवर आणि पंचनाम्यासह करावा, गावच्या शिक्षकांनी तो लिहून द्यायला मदत करावी.

सारांश, जाड कातड्यापुढे वेगाचा दिमाख चालत नाही. जड बाण, लांब धारदार पाते, पक्का सांधा, आपल्या हाताला पेलणारे धनुष्य आणि जवळचे अंतर, एवढे सगळे जमले तरच बाण सोडावा, नाहीतर तो भात्यातच ठेवावा, असे ज्यांनी हे काम केले ते सांगतात. आपल्याला बाण सोडायचा नाही. पण शेतातले अवजार निवडताना किंवा मुलांना संवेग शिकवताना हा हिशेब उपयोगी पडेल. शाळेत एक हलका आणि एक जड खिळा घेऊन ओल्या मातीच्या गोळ्यावर सारख्याच उंचीवरून टाकून पाहा. कोणता किती रुतला, ते मुलांनाच मोजू द्या.