लांब शब्द कसा वाचायचा?

आम्ही पौडच्या बचत गटातल्या बायका. आज गप्पा पैशाच्या नाहीत, शब्दांच्या आहेत. पण शेवटी त्या पैशापाशीच येतात.

आमच्या एक ताई नात्यातल्या माणसाबरोबर कर्जाच्या कामाला गेल्या. ‘साक्षीदार म्हणून चला’, एवढंच त्यांना सांगितलं होतं. कागदावर मोठा शब्द होता. ताईंनी ‘सह’ वाचलं, पुढच्या रफाराला अडखळल्या. सह म्हणजे इथं सही करायची, असं त्यांना वाटलं. शब्द होता ‘सहकर्जदार’. साक्षीदाराला हप्ता फेडावा लागत नाही. सहकर्जदाराला मात्र कर्जदाराइतकंच देणं लागतं. सोबतच्या बाईने विचारलं म्हणून पेन थांबलं.

तेव्हापासून मीटिंगमध्ये आम्ही रोज एक लांब शब्द फळ्यावर लिहितो.

पहिलं काम, जोड शोधायची. ‘परतफेड’ हा शब्द कुणी ‘पर-तफेड’ वाचतं, मग अर्थ लागत नाही. ‘परत’ म्हणून बघा. शेवटचा ‘त’ आपण अर्धाच म्हणतो. आवाज असा तुटतो, तिथं बहुतेक वेळा जोड असते. परत-फेड. घर-पट्टी. विना-तारण.

काही शब्दांत जोड विरघळलेली असते. ‘उमेद’चं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. २०११ पासून हे नाव आपल्या कागदांवर आहे, पण ‘जीवनोन्नती’पाशी जीभ अडतेच. ते जीवन आणि उन्नती. ‘न’ला ‘उ’ मिळाला, ‘नो’ झाला.

दुसरं काम, शेवटचा तुकडा आधी बघायचा. घरपट्टी काय, पाणीपट्टी काय, दोन्ही पट्ट्याच, भरायच्याच. तसा सहकर्जदार हा कर्जदारच. पुढे ‘सह’ लागला म्हणून देणं कमी होत नाही.

मराठीत एखाद्या अक्षरावर फार जोर द्यावा लागत नाही. जोडीपाशी जरा थांबलं की पुरतं. मोठ्याने वाचा, लाजू नका. नाहीच कळलं तर कागद घरी आणा.

त्या ताईंनी दोन दिवसांनी ‘नाही’ कळवलं. नात्यात थोडा रुसवा आला. तो निघेल. सही मात्र पुसता आली नसती.