केडगावचा छापखाना

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन इथलंच.

रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुण्या-मुंबईत उठलेलं वादळ आपण ऐकून आहोत. त्या श्रद्धेनं त्यांच्या रोजच्या कामाला काय वळण दिलं, याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावात प्रार्थना होती, तशी शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता. प्रत्येकीच्या हाताला काम हवंच, हा बाईंचा आग्रह. निव्वळ अन्नछत्र घालणं त्यांना सोपं गेलं असतं. पण ज्या बाईला स्वतःची भाकरी कमावता येते ती कुणाच्या दारात उभी राहत नाही, हे त्या ओळखून होत्या.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिथला छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण भाषा हवी होती साध्या बाईला समजेल अशी. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे सगळं मिशनमधल्या बायकांनी केलं. आधी अक्षर ओळखायला शिकल्या, मग अक्षरं जुळवायला!

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मिशनचं काम केडगावात आजही चालू आहे.