यंत्राशी बोलण्याचं व्याकरण



माझा भाचा नेटवर्क अभियंता आहे. त्याचं अवघड काम रात्री दोननंतर सुरू होतं. गाव झोपलं की राउटर, स्विच यांच्या मांडणीत बदल करायचे. एकदा मी विचारलं, "यात भिण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला, "मामू, एक आकडा चुकला तर त्या यंत्रापर्यंत जाणारी माझीच वाट बंद होते. मग गाडी काढून तिथं जावं लागतं." मला बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारा शेखचिल्ली आठवला.

पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी. आज्ञा टंकायची आणि उत्तर डोळ्यांनी वाचायचं. १९९० च्या सुमारास 'एसएनएमपी' ही सर्वमान्य पद्धत आली खरी. पण तिचा उपयोग मुख्यतः यंत्राची नाडी पाहण्यापुरता झाला. जून २००२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणारे आणि प्रत्यक्ष जाळं चालवणारे एकत्र बसले. चालवणाऱ्यांनी गाऱ्हाणं मांडलं, की यंत्राला काय सांगितलं आहे आणि ते प्रत्यक्षात काय करतं आहे, हे वेगवेगळं दिसू द्या. शिवाय एकेका यंत्राचा नव्हे, साऱ्या जाळ्याचा विचार करू द्या. पुढे २००६ मध्ये संवादाचा शिरस्ता म्हणून 'नेटकॉन्फ' आला आणि २०१० मध्ये 'यांग' ही भाषा.

यांगमध्ये आज्ञा नसतात, वर्णन असतं. कोणती माहिती कुठं बसते, कोणती सक्तीची, आकडा कुठून कुठपर्यंत चालेल, हे आधीच लिहून ठेवायचं. व्हीलॅनचा क्रमांक १ ते ४०९४ असा बांधला असेल, तर ४०९५ दारातच अडतो. नेटकॉन्फमध्ये आणखी एक सोय असू शकते. बदल लागू केल्यावर ठरल्या वेळेत, एरवी दहा मिनिटांत, 'ठीक आहे' असा निरोप पोचला नाही, तर यंत्र आपणहून जुन्या मांडणीवर परततं. वाटच तुटली तर निरोप पोचणार कसा? म्हणून फांदी पुन्हा जोडली जाते!

गझल लिहिणाऱ्या मला हे ओळखीचं वाटतं. वृत्त, काफिया, रदीफ नियमानं तपासता येतात. शेरात जीव आहे का, हे मात्र नियम सांगत नाही. तसंच, चुकीच्या यंत्राला दिलेला बरोबर आकडा यांग बिनतक्रार स्वीकारेल. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, ते देखभालीच्या एका आज्ञेमुळं. अशा आज्ञा अडवणारं तपासणीचं साधन होतं. दोष त्या साधनातच निघाला.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, "व्याकरण पाळ, पण अर्थ दुसऱ्याला वाचून दाखव." तो हसला. हल्ली बदलापूर्वी तो सहकाऱ्याला सारं मोठ्यानं वाचून दाखवतो. मीही नवी गझल आधी घरात वाचतो. बरेच शेर तिथंच गळतात.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)